झोपलाय, झोपू दे

अमली पदार्थांच्या बातमीत सोलापूरचं नाव येतं तेव्हा सोबतचा आकडा कोटींतला असतो. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीवर छापा घातला आणि साडेअठरा टनांच्या आसपास इफेड्रिन ताब्यात घेतलं. किंमत सांगितली गेली दोन हजार कोटी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई गुन्हे शाखेचं पथक चिंचोळीतच आलं, त्या वेळी एमडीचा म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या कुरकुंभला पुणे पोलिसांनी पकडलेला एमडीचा साठा हजार कोटींच्या वरचा निघाला. त्यानंतर वर्षभरात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, सोलापूरहून तुळजापूरला जाताना लागणाऱ्या तामलवाडीजवळ एमडीच्या पुड्या पकडल्या गेल्या, आणि आई भवानीच्या गावातली पोरं काय ओढतात याची चर्चा महाराष्ट्रभर झाली.

या बातम्या खऱ्या आहेत आणि गंभीर आहेत. तुळजापुरात जे उघडं पडलं त्यानं तर पंचक्रोशीतल्या आईबापांची झोप उडवली. पण चिंचोळीत बनलेल्या मालाचं गिऱ्हाईक बहुतेक मुंबईला किंवा देशाबाहेर होतं. सोलापुरातला यंत्रमाग कामगार ग्रामला हजारो रुपये मोजून एमडी घेत नाही. त्याला परवडणारं रसायन त्याच्या वस्तीतच, प्लास्टिकच्या पिशवीत किंवा जुन्या बाटलीत, दोन-चार नोटांत मिळतं. त्याला तो ताडी म्हणतो. त्यात ताडाचं काही असेलच याची खात्री नसते. असते ती पावडर.

पावडर म्हणजे क्लोरल हायड्रेट. सोलापुरात पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग वेळोवेळी हिचे साठे पकडतात. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात: अमुक वस्तीतल्या अड्ड्यावर धाड, इतकी लिटर ताडी नष्ट, इतकी किलो पावडर जप्त. दोन-चार दिवस अड्डा बंद राहतो आणि मग शेजारच्या बोळात सुरू होतो.

हे रसायन जुनं आहे. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १८३२ मध्ये प्रथम तयार केलं. झोपेचं औषध म्हणून त्याचा वापर १८६९ मध्ये ऑस्कर लीब्राइखने सुरू केला. प्रयोगशाळेत बनवलेलं हे जगातलं पहिलं झोपेचं औषध. दवाखान्यांतून ते पुढे मागे पडलं, कारण झोप आणणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत पुरेसं अंतर नाही, आणि दारूबरोबर ते अंतर आणखी कमी होतं. तरी त्याचं भावंड आजही आपल्या घरांत येऊन जातं. लहान बाळाचा ईईजी किंवा टूडी इको काढायचा असला की डॉक्टर आधी एक सिरप पाजायला सांगतात. त्यातल्या ट्रायक्लोफॉसचं पोटात गेल्यावर जे बनतं, तेच क्लोरल हायड्रेटचंही बनतं: ट्रायक्लोरोइथेनॉल. बाळाला ते वजन करून, मिलिलिटर मोजून, नर्सच्या देखरेखीत दिलं जातं. ताडीच्या पिंपात तेच मुठीच्या अंदाजाने पडतं. दुसऱ्या बाजूने क्लोरल हा कारखान्याचा माल आहे. डीडीटी बनवायला क्लोरलच लागतं. माल जिथे पोत्यांनी बनतो तिथून पोत्याने बाहेरही पडतो.

झाडाचा हिशेबही समजून घ्यावा लागतो. ताड किंवा शिंदीच्या झाडाला खाच मारून मडकं बांधलं की रात्रभरात रस जमतो. सूर्य वर यायच्या आत उतरवला तर ती गोड नीरा; ऊन लागलं की आंबते आणि ताडी होते. ताज्या ताडीत मद्यार्क बिअरच्या आसपास असतो आणि एका दिवसापलीकडे ती टिकत नाही, आंबट ढाण होते. म्हणजे विक्री वाढवायची तर झाडं वाढवावी लागतात, चढणारी माणसं लागतात, आणि माल रोजच्या रोज खपवावा लागतो. सोलापूरच्या भोवती पाहा. माळरान, ज्वारी, आता ऊस. झाडं आहेत ती ओढ्याकाठी, तुरळक. शहरात रोज खपणारी ताडी त्या झाडांतून निघणं शक्य नाही. पाणी, सॅकरिन, फेस आणणारं काहीतरी आणि पावडर एवढ्यावर पिंप भरतं, आणि झाडावर चढावं लागत नाही.

ताडी सोलापुरात कुणी कट करून आणलेली नाही, हेही सांगायला हवं, कारण या विषयावर बोलताना एका समाजाकडे बोट दाखवायची वाईट खोड शहराला आहे. एकोणिसाव्या शतकात तेलंगणातून, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, पद्मशाली विणकर सोलापुरात आले. १८७७ मध्ये इथली पहिली कापडगिरणी, सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, सुरू झाली आणि हा ओघ वाढला. त्यांनी हातमाग आणले, पुढे यंत्रमाग घातले, सोलापुरी चादर आणि टॉवेल देशभर नेले. साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ, अशोक चौक, सत्तर फूट रोड असा पूर्व भाग त्यांच्या श्रमावर उभा राहिला. त्यांच्या गावाकडे कल्लू, म्हणजे ताडी, ही जेवणाचा आणि देवकार्याचा भाग होती. आषाढात पोचम्मा देवीला बोनालूचा नैवेद्य नेताना ताडीचाही मान असतो. झाडाची ताडी पिऊन माणूस डुलतो, हसतो, फार तर भांडतो. ती प्यायला म्हणून श्वास बंद पडत नाही.

शिंदीच्या झाडाला सोलापूरच्या इतिहासातही जागा आहे. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर शहर पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोकांनी शिंदीची झाडं तोडली, कारण शिंदीवरचा महसूल सरकारच्या तिजोरीत जात होता. पोलिसांनी गोळीबार केला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. त्यानंतर मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. चार हुतात्मा चौकातून जाणाऱ्या बसमधल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की त्या सगळ्या प्रकरणाच्या सुरुवातीला शिंदीची झाडं होती. तेव्हा झाड तोडलं की नशा थांबत होती. आज झाड कुठे आहे?

माणूस हे का पितो, याचं उत्तर ‘व्यसनी आहे म्हणून’ असं देऊन आपण मोकळे होतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहून पाहावं. खटक्यांचा आवाज इतका, की शेजारच्याशी बोलायला हातवारे करावे लागतात. हवेत सुताचा भुगा, अंगावर सुताचा भुगा, पापण्यांवर सुताचा भुगा. पाळी बारा तासांची, आणि बारा तास उभ्यानं. एका आठवड्याला दिवसपाळी, दुसऱ्याला रात्रपाळी. रात्रपाळी करून माणूस सकाळी घरी येतो ते एका खोलीच्या घरात. वर पत्रा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. त्याच खोलीत बायको विड्या वळायला बसलेली असते, पोरं शाळेतून येणार असतात, टीव्ही चालू असतो. कानात माग चालूच असतो. या माणसाला सगळ्यात जास्त काय हवं असतं? झोप. आणि बोळाच्या तोंडाशी जी पिशवी मिळते तिच्यात दीडशे वर्षांपूर्वीचं झोपेचं औषधच असतं. देशी दारूच्या क्वार्टरपेक्षा ती स्वस्त पडते. या धंद्याचं मूळ मला त्या झोपेच्या गरजेत दिसतं, आणि मागाच्या पाळ्यांचा विचार न करता केलेली ताडीविरोधी भाषणं मला पोकळ वाटतात.

त्याच खोलीतल्या बाईकडे आता वळू. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत, आणि पूर्व भागात आई, सासू, सून अशा तीन-तीन पिढ्या एकाच घरात वळतात. कारखान्यातून पान-तंबाखू-सूत घरी आणायचं, पान रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळायचं, सकाळी फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं. मांडीवर सूप, डाव्या हातात पान, उजव्या चिमटीत तंबाखू. वळली, तोंड दुमडलं, दोरा मारला. दिवसाची हजार विडी हे माप. संध्याकाळी माल घेऊन कारखान्यात गेलं की चेकर कट्टे हातात घेतो, चाचपतो आणि नापसंत विड्या बाजूला टाकतो. ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत, आणि त्या विड्या परतही मिळत नाहीत. ज्या घरात पुरुष पावडरीच्या ताडीला लागलेला आहे तिथे किराणा, गॅस, पोरांची फी आणि बचत गटाचा हप्ता या हजार विड्यांवर चालतो. त्याचा पगार आठवड्याला होतो आणि बराचसा बोळाच्या तोंडापर्यंतच पोचतो.

कुंभारीला २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं विडी कामगार बायकांच्या नावावर झाली. त्यामागे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालची वर्षानुवर्षांची चळवळ होती. पुढे तीस हजार घरांचं रे नगर उभं राहिलं आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. देशात असंघटित कामगारांसाठी असं दुसरं काम क्वचित झालं असेल. घर बाईच्या नावावर असणं ही इथे मोठी गोष्ट आहे, कारण नशेसाठी नवऱ्याला ते विकता येत नाही. पण वस्ती शहरापासून दूर गेली की दवाखानाही दूर जातो, आणि रात्री अकरा वाजता हे अंतर महत्त्वाचं ठरतं.

रात्री अकरा वाजता काय होतं ते नीट सांगितलं पाहिजे. माणूस अड्ड्यावरून येतो, किंवा दोघे खांद्याला धरून आणून टाकतात. बोलणं जड झालेलं. भाकरी पुढे ठेवली तर दोन घास खातो आणि तिथेच आडवा होतो. घरातली म्हातारी म्हणते, झोपलाय, झोपू दे. बायकोला हायसं वाटतं, कारण जागा असता तर भांडण झालं असतं. थोड्या वेळाने तो घोरायला लागतो. हे घोरणं नेहमीचं नसतं. खोल, ओलं, घशात पाणी अडकल्यासारखं, मधे मधे थांबणारं. जीभ मागे पडलेली असते आणि श्वासाची वाट अर्धी बंद झालेली असते. क्लोरल हायड्रेट आणि दारू एकमेकांचा निचरा शरीरात लांबवतात, म्हणून झोपल्यानंतरही एक-दोन तास गुंगी चढतच राहते. उलटी आली तर बेशुद्ध माणसाला ती बाहेर टाकता येत नाही, फुप्फुसात जाते. दुसरा धोका काळजाचा. हे रसायन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतं. ठोके भरकटतात आणि अचानक थांबतात. पहाटे पाणी भरायला उठलेली बायको हाक मारते तेव्हा अंग गार असतं.

घरात जाग असली आणि शंका आली तरी पहिले उपाय चुकीचे होतात. लिंबू पिळून पाजतात, ताक पाजतात, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला बघतात. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात ओतलेलं काहीही पोटात न जाता श्वासनलिकेत जायची भीती असते. तोंडावर थंड पाणी मारून, थोबाडीत मारून उतरते ती साधी दारू. ही त्यानं उतरत नाही. माणसाला कुशीवर वळवायचं, मान किंचित मागे, तोंडातलं बोटाने साफ, आणि गाडी बोलवायची. इतकं साधं काम आहे, आणि ते वस्तीत कुणी शिकवलेलं नाही. विडी कारखान्याच्या दारात रोज शेकडो बायका रांगेत उभ्या असतात. तिथे उभं राहून दहा मिनिटांत हे दाखवता येईल.

अमेरिकेत फेंटानिल या अफूवर्गीय औषधाने माणसं पटापट मरायला लागली तेव्हा त्यांनी नॅलोक्सोनचे नाकात मारायचे फवारे ग्रंथालयांत आणि शाळांत ठेवले. अफूवर्गीय औषधांचा तो थेट उतारा आहे, दोन-तीन मिनिटांत माणूस श्वास घ्यायला लागतो. क्लोरल हायड्रेटला असा उतारा नाही. सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, असा रुग्ण आला की डॉक्टरांच्या हातात एवढंच असतं: श्वासनलिकेत नळी, गरज पडली तर व्हेंटिलेटर, सतत ईसीजी, आणि लय बिघडली तर बीटा ब्लॉकर गटातलं औषध. एरवी कोसळलेल्या रुग्णाला सर्रास दिलं जाणारं ॲड्रिनलिन इथे लय आणखी बिघडवू शकतं. म्हणून रुग्ण नेमकं काय प्यायलाय हे डॉक्टरांना कळणं जीवन-मरणाचं असतं. पाठ्यपुस्तकांत लिहिलंय की अशा रुग्णाच्या श्वासाला नासपतीसारखा गोडसर वास येतो. पण देशीचा, ताडीचा, उलटीचा वास मिसळलेला असताना कॅज्युअल्टीत रात्री एकटा उभा असलेला शिकाऊ डॉक्टर त्यातून नासपती कशी ओळखणार?

मात्रेबद्दल एक गोष्ट लोकांना समजावून सांगायला हवी आणि ती कुणीच सांगत नाही. रोज पिणाऱ्याच्या शरीराला पावडरीची सवय होते, चार पिशव्या पिऊनही तो चालत घरी येतो. मग तो थांबतो. श्रावण पाळतो, देवाची माळ घालतो, गावाकडे लग्नाला जाऊन पंधरा दिवस राहतो, कुठल्या भांडणात आत जाऊन येतो, काविळीने दवाखान्यात पडतो. महिनाभरात शरीराची ती सवय उतरते. श्रावण संपतो, दोस्त बोलावतात, आणि तो पुन्हा चारच पिशव्या पितो, कारण त्याच्या डोक्यात त्याचं माप तेच आहे. ज्याने महिनाभर मन घट्ट करून सोडली, घरच्यांनी ज्याचं कौतुक केलं, त्यालाच सगळ्यात जास्त धोका असतो. त्यात पिंपागणिक पावडर कमी-जास्त. तळाचं जाडं शेवटच्या गिऱ्हाइकाला जातं. म्हणून एकाच अड्ड्यावर एकाच रात्री बसलेल्या पाच जणांतले चार उठून जातात आणि एक राहतो, आणि चौघं म्हणतात की ताडी चांगलीच होती, त्याचंच काहीतरी झालं असेल.

तो राहिलेला माणूस कागदावर कसा उतरतो? घरी मेला असेल तर बरेचदा उतरतच नाही. हार्ट अटॅक आला म्हणतात आणि दुपारच्या आत अंत्यविधी होतो. पोस्टमार्टेम नको असतं, देहाची चिरफाड नको असते, पोलीस दारात नको असतात, आणि मुलीचं लग्न ठरायचं असतं. दवाखान्यात मेला तर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि व्हिसेरा राखून ठेवतात. तो प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल यायला काही महिने लागतात. तोवर तेरावं झालेलं असतं, कामावर बदली माणूस आलेला असतो, अड्डा दोनदा उठून पुन्हा बसलेला असतो. एकाच रात्री दहा-बारा माणसं गेली तर गावठी दारूकांड म्हणून मंत्री येतात. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉलने शंभरावर माणसं गेली तेव्हा राज्य हललं. एकेकटा मेला तर हलायला काही कारण उरत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात अपघाती मृत्यूंच्या तक्त्यात ‘अमली पदार्थांचे अतिसेवन’ असा एक रकाना असतो. २०२२ साली त्यात संपूर्ण भारताचा आकडा होता ६८१. त्याच वर्षी अमेरिकेत अतिसेवनाने मेलेल्यांची संख्या लाखाच्या पुढे होती. आपल्याकडे फेंटानिल नाही, हे खरं आणि सुदैवाचं. पण केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे दोन कोटींवर माणसं अफूवर्गीय पदार्थ घेतात आणि जवळपास एक कोटी अठरा लाख माणसं डॉक्टरने न दिलेली गुंगीची औषधं घेतात. एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात ६८१? हा आकडा मेलेल्यांचा नाही. ज्यांच्या मरणाचं कारण शोधायची तसदी कुणीतरी घेतली, त्यांचा तो आहे. पूर्व भागातला ‘हार्ट अटॅक’ त्यात नाही, आणि मोजलं नाही म्हणून पैसा नाही, खाट नाही, औषध नाही.

मग धाडी घाला, अड्डे बंद करा, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणते. पण त्यात एक मोठं संकट दडलेलं आहे, आणि ते पद्मशालींच्या माहेरच्या मुलखाने आधी भोगलं आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कडक कारवाई झाली आणि निजामाबाद, महबूबनगरच्या बाजूला शेकडो माणसं दवाखान्यांत आली: हात थरथरतात, मान वाकडी होते, झटके येतात, भिंतीवर माणसं दिसतात, कपडे फाडून पळत सुटतात. काही मेले. पावडर अचानक थांबली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेंदू असा खवळतो. सोलापुरातही अड्डा उठला की कुठल्या ना कुठल्या घरात हे घडतं. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि माणूस भगताकडे नेला जातो, कधी बांधून. वास्तविक यावर दवाखान्यात नेहमीचा उपचार आहे. त्याच धाटणीचं सौम्य औषध देऊन ते दिवसागणिक कमी करत जायचं, जीवनसत्त्व बी-१ द्यायचं, झटक्यांवर लक्ष ठेवायचं. म्हणून ज्या सकाळी उत्पादन शुल्कची गाडी वस्तीत जाणार असेल त्याच सकाळी सिव्हिलच्या मानसोपचार विभागाला आणि नागरी आरोग्य केंद्राला कळायला हवं. पिंप ओतून फोटो काढणारं खातं वेगळं आणि झटका आलेला माणूस उचलणारं खातं वेगळं, आणि दोघांत एक फोनसुद्धा होत नाही, ही गोष्ट मला गुन्ह्याइतकीच गंभीर वाटते.

कायद्यातही फट आहे. अल्प्राझोलम, डायझेपाम ही गुंगीची औषधं अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहेत, मोठ्या प्रमाणात सापडली तर जामीन अवघड. क्लोरल हायड्रेट त्या यादीत नाही. मग दारूबंदी कायदा आणि विष देऊन इजा करण्याचं कलम यांवर भागवावं लागतं, आणि अड्डेवाला लवकर सुटतो. पण नुसतं यादीत घातलं की प्रश्न मिटला असंही नाही. तेलंगणातल्या ताडीत अल्प्राझोलम बेधडक पडतं. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्लीत ताडी पिऊन माणसं दगावली, आणि दोनच महिन्यांनी त्याच शहरात एका शाळेच्या इमारतीत अल्प्राझोलम बनवण्याचा कारखाना पकडला गेला. तो माल ताडीच्या दुकानांना जात होता. खाली वर्ग भरत होते. सोलापूर-हैदराबाद रस्ता एका रात्रीचा आहे.

सोलापुरातच एक वेगळा प्रयत्न झालाय आणि त्याची आठवण ठेवायला हवी. २०२१ मध्ये ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. शहरालगतच्या मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या हातभट्टी लागत होती. त्यांनी अधिकाऱ्यांना गावं वाटून दिली, छापे चालू ठेवले, पण त्याबरोबर भट्टी लावणाऱ्या घरांत बसून विचारलं की हे सोडलंत तर खाणार काय. बंजारा बायकांना शिवणकाम, पारंपरिक भरतकाम, कर्ज, कुणाला दुकान, कुणाला शेतीचं काम असं एकेका घराचं बघितलं. सगळंच टिकलं असं नाही, कारण अधिकाऱ्याची बदली होते आणि हातभट्टीला लागणारा गूळ स्वस्तच राहतो. पण विकणाऱ्याच्या चुलीचा विचार करणारं पोलीस खातं सोलापूरने बघितलंय. तसाच विचार आता पिणाऱ्याच्या झोपेचा व्हायला हवा. बारा तासांच्या पाळीचा, पत्र्याखालच्या खोलीचा.

उपचार आहेत, पण दूर आहेत. पुण्यात अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाला रुग्ण म्हणायला महाराष्ट्राला शिकवलं. सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराला महिनाभर पुण्यात राहणं म्हणजे महिनाभराची मजुरी बुडवणं, आणि परत आल्यावर तेच माग, तोच बोळ. त्याच्यासाठी उपचार त्याच्या पेठेत, त्याच्या भाषेत हवेत. तेलुगू बोलणारा समुपदेशक सोलापुरात शोधावा लागत नाही. दर दुसऱ्या घरात शिकलेली, दोन्ही भाषा बोलणारी मुलगी आहे, जिने आईला छाट मोजताना पाहिलंय. तिला प्रशिक्षण द्या, पगार द्या, नागरी आरोग्य केंद्रात बसवा. औषधं महाग नाहीत. रात्रपाळीच्या माणसाला सकाळी आठला येता येईल अशी बाह्यरुग्ण विभागाची वेळ ठेवायला कुठलाही अध्यादेश लागत नाही.

तोवर निदान हे एवढं प्रत्येक घरात माहीत हवं. व्यसन सोडायचं असेल तर १४४४६ हा सरकारी फोन आहे, मन थाऱ्यावर नसेल तर १४४१६, दोन्ही फुकट. सोडायची ती डॉक्टरच्या हाताखाली सोडायची, एका झटक्यात नाही. आणि रात्री माणूस हाकेला ओ देत नसेल, घशात घरघर असेल, ओठ काळेनिळे दिसत असतील, तर कुशीवर वळवून लगेच १०८ लावायचा. फोनवर आणि सिव्हिलच्या दारात, लाज न धरता, नुसतं दारू प्यायलाय असं सांगायचं नाही. ताडी प्यायलाय, पावडरीची असणार, किती वाजता प्यायला, किती पिशव्या, बरोबर देशी घेतली का, झोपेच्या गोळ्या खातो का, मधे किती दिवस बंद होती, हे सगळं सांगायचं. मिळाली तर रिकामी पिशवी बरोबर न्यायची. आणि ईसीजी काढला का, हे विचारायचं.